फुलीच्या जागी सही

हस्तलिखित स्वीकारल्याचा दूरध्वनी येतो आणि त्यानंतर काही आठवड्यांनी एक लिफाफा येतो. लिफाफ्यात तीन-चार पाने असतात. प्रत्येक पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने बारीक फुली केलेली असते. 'फुलीच्या जागी सही करून पाठवावे, छपाई खोळंबली आहे' एवढाच सोबतच्या चिठ्ठीचा मजकूर. लेखक फुली शोधतो, सही करतो, पान उलटतो, पुढची फुली शोधतो. लिफाफा त्याच दिवशी परत जातो. ज्या माणसाने पहिल्या मुद्रितात एका अनुस्वारासाठी मुद्रितशोधकाशी वाद घातलेला असतो, अर्पणपत्रिकेतल्या एका शब्दासाठी आठवडा खर्ची घातलेला असतो, मुखपृष्ठावरचा निळा रंग किंचित गडद उतरला म्हणून रात्र तळमळत काढलेली असते, त्याच माणसाने आपल्या पुस्तकाचे पुढील शतकभराचे भवितव्य ठरवणारा मजकूर न वाचता हातावेगळा केलेला असतो. या मजकुरास करार म्हणतात.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. न वाचता केलेल्या सहीला आपल्याकडे साधेपणा, निर्लोभता, 'व्यवहारात न पडणारी वृत्ती' अशी गोंडस नावे दिली जातात. आमच्या मते ती कर्तव्यच्युती आहे. भाषेवर हुकमत असल्याचा ज्याचा दावा आहे, त्याने भाषेतच लिहिलेल्या चार पानांपुढे शरणागती पत्करावी यात निर्लोभता कुठे आली? तोटा एकट्या लेखकाचा झाला असता तर तो त्याचा खासगी प्रश्न ठरला असता. परंतु न वाचलेल्या कराराची किंमत पुढे पुस्तक भरते आणि पुस्तकासोबत वाचकही भरतो.

एक उदाहरण देतो. आमच्या परिचयातील एका कथाकाराचे दोन संग्रह एकाच प्रकाशनगृहाने काढले. दुसऱ्या संग्रहाचा करार २००३ सालचा. पुढे कथाकार वारले, काही वर्षांनी प्रकाशनगृहाचे दुकानही बंद झाले. आज हे दोन्ही संग्रह जुन्या पुस्तकांच्या ढिगातदेखील सापडत नाहीत. त्यांच्या मुलीला ते पुन्हा छापायचे आहेत. एक तरुण प्रकाशक तयार आहे, एका कथेचा कन्नड अनुवादही होऊन पडला आहे. पण दुसऱ्या संग्रहाच्या करारात दोन वाक्ये आहेत. पहिले वाक्य असे की, लेखकाने या पुस्तकाचे सर्व हक्क सर्व भाषांसाठी, सर्व देशांसाठी व कायमस्वरूपी प्रकाशकास दिले आहेत. दुसरे असे की, प्रकाशकाने या हक्कांचा वापर केला नाही तरीही ते प्रकाशकाकडेच राहतील. प्रकाशकाचे वारस तीन ठिकाणी विखुरलेले. त्यांना या पुस्तकांत रस नाही, पण 'कागद बघून सांगतो' याखेरीज उत्तरही नाही. नवा प्रकाशक म्हणतो, लेखी ना-हरकत आणा. मुलगी शिक्षिका आहे. तिने कोर्टाची पायरी चढावी अशी अपेक्षा कोणी करू नये. एका चांगल्या कथाकाराचे अर्धे लेखन असे दोन वाक्यांच्या कुलपात पडून आहे. त्या दोन वाक्यांखाली सही आहे ती त्याचीच.

इथे कायदा काय म्हणतो हे पाहणे उद्बोधक ठरेल. कारण आपल्या लेखकांचा एक लाडका समज असा की, कायदा नेहमी पैसेवाल्याच्या बाजूने असतो. १९५७ चा कॉपीराइट कायदा या बाबतीत लेखकाशी आश्चर्य वाटावे इतका ममतेने वागतो. त्याचे कलम १९ सांगते की हक्कांचे हस्तांतर लेखी व सहीनिशी असले पाहिजे. त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि किती मानधन हे नमूद असले पाहिजे. नमूद नसेल तर? मुदतीचा उल्लेख नसल्यास ती पाच वर्षे समजावी. प्रदेशाचा उल्लेख नसल्यास तो भारतापुरता समजावा. घेणाऱ्याने घेतलेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही तर त्या हक्काचे हस्तांतर संपुष्टात आले असे समजावे. म्हणजे करारात जिथे मौन आहे, तिथे कायदा लेखकाच्या बाजूने बोलतो.

पण या ममतेला एक अट आहे. करारात अन्यथा लिहिलेले नसेल तरच ती फळते. 'कायमस्वरूपी' या एका शब्दाने पाच वर्षे पुसली जातात. 'सर्व देशांसाठी' या दोन शब्दांनी भारताची सीमा पुसली जाते. 'वापर केला नाही तरीही' या चार शब्दांनी वर्षभराची अट पुसली जाते. वर सांगितलेल्या कथाकाराने त्या कागदावर काहीच लिहू दिले नसते, नुसते पुस्तकाचे नाव व मानधनाचा आकडा राहू दिला असता, तरी त्याची मुलगी आज मोकळी असती. कायद्याने दिलेले संरक्षण त्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शाईने खोडले. कलम १९-अ खाली दाद मागण्याची वाट अजूनही आहे, हे खरे. मात्र ती वाट न्यायालयातून जाते, आणि घरात एक संध्याकाळ बसून तीन शब्द खोडणे जितके सोपे होते तितके तिथे काहीच सोपे नसते.

आता विश्वासाचा मुद्दा. करार वाचायला मागितला की आपल्याकडे वातावरण एकदम गढूळ होते. 'आपले घरचेच संबंध आहेत', 'आमच्यावर भरवसा नाही का', 'थोरामोठ्यांनी कधी विचारले नाही' ही वाक्ये आम्ही सर्वांनी ऐकली आहेत, आणि ती ऐकून ओशाळून सहीही केली आहे. विश्वासाला आमचा विरोध नाही. प्रकाशकाने पदरमोड करून पुस्तके काढल्याची आणि लेखकाला वेळेवर हिशेब दिल्याची उदाहरणे मराठीत आहेत. त्या माणसांविषयी आमच्या मनात आदर आहे. परंतु करार हा त्या माणसांसाठी नसतोच. ती माणसे जेव्हा नसतील त्या दिवसासाठी तो असतो. साधे गणित करून पाहा. चाळीस वर्षांच्या लेखकाने २०२५ साली सही केली आणि तो ऐंशीव्या वर्षी, २०६५ मध्ये वारला, तर मृत्यूनंतरची साठ वर्षे धरून त्या पुस्तकावरचा हक्क २१२५ च्या अखेरीपर्यंत चालेल. शंभर वर्षे! त्यांतली निम्म्याहून अधिक वर्षे दोन्ही सह्या करणारे हात मातीत मिळालेले असतील. साने गुरुजी १९५० साली गेले आणि 'श्यामची आई' सर्वांसाठी मोकळी झाली ती १ जानेवारी २०११ रोजी. त्या साठ वर्षांत देशात काय काय बदलले हे सांगायला नको. माणसांवरचा विश्वास माणसांबरोबर जातो, कागद मागे उरतो. तेव्हा 'भरवसा नाही का' या प्रश्नाचे सरळ उत्तर असे: तुमच्यावर आहे, तुमच्या नातवांना आम्ही ओळखत नाही.

न वाचता सही करण्याचे परिणाम काय होतात, हे महाराष्ट्राला कोणी परक्याने शिकवण्याची गरज नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांचा मुख्य रोख धनधान्यापेक्षा दप्तरावर होता. कर्जरोखे व खतपत्रे त्यांनी मागितली, बाहेर काढली आणि जाळली. हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. इतिहासात त्याची नोंद दख्खनचे दंगे म्हणून आहे. त्या कागदांवर अंगठे होते ते त्याच शेतकऱ्यांचे. कागदात काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते, आणि न्यायालयात मात्र तो कागद त्यांचाच शब्द म्हणून वाचला जात होता. त्यानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्यक कायदा आला. त्याने ग्रामनिबंधक नेमले, शेतकऱ्याचा दस्तऐवज त्यांच्या देखरेखीखाली लिहिला जावा असे ठरवले, कागदाच्या पाठीमागचा मूळ व्यवहार तपासण्याची मुभा न्यायालयांना दिली, ऋणकोला पावती व वार्षिक हिशेब मागण्याचा हक्क दिला.

प्रकाशक सावकार आहेत असे आम्हाला सुचवायचे नाही. मराठी पुस्तकाच्या धंद्यात घबाड मिळत नाही हे आम्ही जाणतो. आमचा रोख दुसरीकडे, म्हणजे आमच्या स्वतःकडे, आहे. सुप्याच्या शेतकऱ्याला अक्षर येत नव्हते, म्हणून त्याचा अंगठा ही त्याची शोकांतिका होती. आपल्याला अक्षर येते. अक्षर हाच आपला व्यवसाय आहे. मग आपल्या सहीला काय म्हणावे? त्याच्या अंगठ्याला इतिहासाने क्षमा केली, राज्यकर्त्यांनीही कायदा करून थोडीफार केली. आपल्या सहीला कोणता ग्रामनिबंधक वाचवणार?

न्यायालय तर नाहीच वाचवणार. १९३४ सालचा लेस्ट्रेंज खटला विधिमहाविद्यालयांत आजही शिकवला जातो. वेल्समधल्या लँडुडनो गावी उपाहारगृह चालवणाऱ्या एका बाईंनी सिगारेटविक्रीचे यंत्र विकत घेतले. यंत्र नीट चालेना. परंतु मागणीपत्रकावरील बारीक टाइपात विक्रेत्याची सारी जबाबदारी झटकलेली होती आणि त्याखाली बाईंची सही होती. आपण तो मजकूर वाचलाच नव्हता, हे त्यांचे म्हणणे अपिलात टिकले नाही. फसवणूक वा अपप्रतिपादन नसेल तर सही ही सही असते. वाचली की नाही हा प्रश्न अप्रस्तुत ठरतो. नव्वद वर्षे उलटली तरी या नियमाचा कणा मोडलेला नाही. 'मी वाचले नव्हते' हे वाक्य कैफियत म्हणून निरुपयोगी आहे, ती फक्त कबुली आहे.

तर मग वाचायचे काय? इथे 'आम्हाला कायद्यातले कळत नाही' ही सबब पुढे येते. आमचे उत्तर असे की, कादंबरीत निवेदक कोणाची बाजू घेतो हे ज्याला कळते त्याला करारही कळतो. पुस्तकाच्या करारात मोजून सहा-सात जागा अशा असतात की ज्यांवर बोट ठेवले तरी बरेचसे काम होते.

पहिली जागा क्रियापदाची. लेखक हक्क 'देत आहे' की वापरण्याची 'परवानगी देत आहे'? पहिल्यात घर विकले जाते, दुसऱ्यात ते भाड्याने जाते. पुस्तक छापून विकण्यासाठी प्रकाशकाला ठरावीक मुदतीचा परवाना पुरतो. मालकी लागत नाही. 'हस्तांतर' हा शब्द दिसताच लेखणी थांबली पाहिजे.

दुसरी जागा 'सर्व' या शब्दाची. मराठी छापील पुस्तक काढणाऱ्याला चित्रपटाचा, नाट्यरूपांतराचा, इंग्रजी अनुवादाचा, श्राव्य पुस्तकाचा हक्क कशासाठी हवा? तो त्यासाठी काही करणार असेल तर त्याने काय करणार, किती दिवसांत करणार आणि लेखकाला त्यातले किती देणार हे लिहावे. करणार नसेल तर हक्क लेखकापाशी राहू द्यावा. या बाबतीत २०१२ च्या दुरुस्तीने लेखकाला एक मोठा आधार दिला. करार झाला त्या वेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हते वा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा करारात नाव घेऊन उल्लेख नसेल तर ते माध्यम हस्तांतरात धरले जात नाही. चित्रपटगीतांच्या कवींना व पटकथाकारांना त्यांच्या हक्काचा वाटा मिळावा यासाठी झालेल्या दीर्घ झगड्यातून ही दुरुस्ती आली. जावेद अख्तर यांनी मे २०१२ मध्ये राज्यसभेत तिची बाजू मांडली होती. परिणाम असा की आता करारांतून माध्यमांच्या लांबलचक याद्या येऊ लागल्या आहेत. यादी कंटाळवाणी असते आणि म्हणूनच ती वाचायची असते. संगणकाला भाषा शिकवण्यासाठी मजकूर पुरवण्याचा हक्कही उद्या त्या यादीच्या शेपटीला दिसेल. तो द्यायचा की नाही हे आपण ठरवले पाहिजे, यादी टाइप करणाऱ्याने नव्हे.

तिसरी जागा टक्क्यांची. 'दहा टक्के' हा आकडा सगळे पाहतात. कशाचे दहा टक्के हे कोणी पाहत नाही. तीनशे रुपये छापील किमतीच्या पुस्तकाच्या हजार प्रती विकल्या गेल्या तर छापील किमतीवर दहा टक्क्यांनी तीस हजार रुपये होतात. तोच करार 'प्रत्यक्ष जमा रकमेवर' म्हणत असेल आणि विक्रेत्याला चाळीस टक्के सवलत दिली गेली असेल, तर अठरा हजार. दोन्ही करारांत टक्के दहाच आहेत! आणि सवलत किती द्यायची हे लेखकाच्या हाती नाही.

चौथी जागा हिशेबाची. लंडनमध्ये २७ एप्रिल १६६७ रोजी मिल्टनने 'पॅरडाइज लॉस्ट'चा करार सॅम्युएल सिमन्स या मुद्रकाशी केला. रोख पाच पौंड. पहिल्या आवृत्तीच्या तेराशे प्रती विकल्या गेल्यावर आणखी पाच. पुढील दोन आवृत्त्यांना त्याच हिशेबाने पाच-पाच. मिल्टनच्या पदरात प्रत्यक्षात दहा पौंड पडले आणि त्याच्या विधवेने १६८० साली उरलेले सारे हक्क आठ पौंडांना सोडून दिले, ही कथा आपल्याकडे साहित्यिकाच्या दारिद्र्याचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. तिची दुसरी बाजू सांगितली जात नाही. त्या करारात प्रती मोजलेल्या आहेत, आणि मागणी केल्यावर विक्रीचा हिशेब शपथेवर द्यावा, न दिल्यास पैसे देय झाले असे समजावे, अशी अटही आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका अंध कवीने जे लिहून घेतले ते आजचा डोळस मराठी लेखक मागायला लाजतो. त्याच्या करारात 'आवृत्ती' म्हणजे किती प्रती हेही अनेकदा लिहिलेले नसते.

पाचवी जागा मुक्ततेची. पुस्तक अमुक काळ बाजारात नसेल तर हक्क आपोआप परत आले पाहिजेत. पूर्वी 'आवृत्ती संपल्यावर' हे शब्द पुरत. आता मागणीनुसार एक-एक प्रत छापता येते, त्यामुळे आवृत्ती कधीच 'संपत' नाही. वर्षाला दोन प्रती काढूनही पुस्तक उपलब्ध असल्याचा दावा करता येतो. म्हणून मुक्ततेचे कलम विक्रीच्या आकड्याला बांधले पाहिजे.

सहावी जागा दायित्वाची. पुस्तकावरून कोणीही, कसलाही दावा लावला तर सर्व खर्च लेखकाने सोसावा, असे कलम असते. लेखकाने उचलेगिरी केली असेल तर जरूर सोसावा. पण कोणाच्या तरी भावना दुखावल्या म्हणून लागलेला खटला, मग तो कितीही निराधार असो, लेखकाने एकट्याने का लढावा? त्याच परिच्छेदाच्या शेवटी 'न्यायक्षेत्र फक्त अमुक शहर' असते. गडचिरोलीच्या किंवा सावंतवाडीच्या लेखकाने ते शब्द मोठ्याने वाचावेत आणि प्रवासाचा खर्च मांडून पाहावा.

सातवी जागा लेखकाच्या नावाची व मजकुराच्या अभंगतेची. इथे मात्र कायदा करारालाही पुरून उरतो. मन्नू भंडारी यांच्या 'आप का बंटी' या कादंबरीवरील चित्रपटाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ साली स्पष्ट केले की, हक्क दिले तरी कलम ५७ खालील लेखकाचा विशेष हक्क उरतो आणि करार त्या कलमाच्या अधीन राहूनच वाचला पाहिजे. पण हा हक्क बजावण्यासाठीही मन्नू भंडारींना न्यायालयात जावे लागले, हे विसरू नये. कोणता बदल विचारल्याशिवाय करायचा नाही हे आधीच लिहिले, तर तेवढी पायपीट वाचते.

या साऱ्यावर एक आक्षेप असा येतो, आणि तो आम्ही गांभीर्याने घेतो: 'पहिलेच पुस्तक, सही केली नाही तर ते छापणारच नाहीत. दुबळ्याने अटी वाचून उपयोग काय?' दुबळेपणा खरा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली एका सरकारी जलवाहतूक महामंडळाच्या खटल्यात मान्य केले की, ज्याला सही करण्यावाचून गत्यंतर नाही त्याच्यावर लादलेली अन्याय्य अट टिकू नये. पण तो खटला नोकरीचा होता, आणि न्यायालयापर्यंत जाण्याची तयारी दाखवणाऱ्याचा होता. कवितासंग्रहासाठी कोणी तितके जाणार नाही. तेव्हा वाचणे हाच दुबळ्याचा मार्ग उरतो. वाचणे म्हणजे नाकारणे नव्हे. वाचून, समजून, 'ही अट जाचक आहे, तरी मी स्वीकारतो' असे ठरवणारा लेखक आणि फुली शोधणारा लेखक यांच्या सह्या कागदावर सारख्या दिसतात. त्यांच्यात फरक आहे तो पुढच्या पुस्तकाच्या वेळी उपयोगी पडणारा. शिवाय आमचा अनुभव असा की, बहुतेक करार हे कोणा कारस्थानी माणसाने रचलेले नसतात. कुठल्याशा जुन्या इंग्रजी मसुद्यावरून ते उतरवलेले असतात. प्रकाशकानेही ते वाचलेले नसतात! आमच्यातील एकाने 'कायमस्वरूपी'च्या जागी 'सात वर्षे' करून पाठवले, तर उलट टपाली सहीनिशी प्रत आली; कोणी प्रश्नही विचारला नाही. दुसऱ्या एकाला मात्र 'मग राहू द्या' असे उत्तर आले. त्याने पुस्तक राहू दिले, दोन वर्षांनी दुसरीकडे काढले. दोघांनीही काही गमावले नाही.

इंग्रजी मसुद्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक विचारतो. मराठी लेखक, मराठी प्रकाशक, मराठी पुस्तक. मग करार इंग्रजीत का? मराठीत लिहिलेला करार तितकाच वैध असतो. भाषेच्या अभिजात दर्जाचा २०२४ साली आपण उत्सव केला. त्या भाषेत चार पानांचा व्यवहार नीट, निःसंदिग्ध लिहिता येत नसेल तर तो दर्जा कोणत्या कपाटात ठेवायचा?

आणि इथे संस्थांनाही जाब विचारला पाहिजे. वॉल्टर बेझंटच्या पुढाकाराने १८८४ साली लंडनमध्ये लेखकांची संघटना, सोसायटी ऑफ ऑथर्स, उभी राहिली. सभासदाचा करार कलमवार तपासून देणे हे तिचे आजही नित्याचे काम आहे. आपल्याकडे महाराष्ट्र साहित्य परिषद, मुंबई मराठी साहित्य संघ, विदर्भ साहित्य संघ, मराठवाडा साहित्य परिषद अशा जुन्या, मानाच्या संस्था आहेत, महामंडळ आहे, वर्षाचे संमेलन आहे. मांडवात अध्यक्षीय भाषण होते, ठराव होतात, भोजनाच्या पंक्ती होतात. त्या मांडवात एक टेबल असे असावे की जिथे बसलेला वकील लेखकाचा करार वाचून देईल, आणि त्या टेबलावर मराठीतल्या नमुना-कराराच्या प्रती ठेवलेल्या असाव्यात. लेखक व प्रकाशक या दोघांच्या प्रतिनिधींनी बसून असा नमुना करणे हे एका महिन्याचे काम आहे. ते झाले तर सज्जन प्रकाशकाचेही भलेच होईल, कारण त्याचा सज्जनपणा कागदावर दिसेल.

तोवर प्रत्येकाने आपापल्यापुरते एवढे करावे. लिफाफा आला की त्याच दिवशी परत धाडू नये. आठ दिवस मागून घ्यावेत. पाने मोठ्याने वाचावीत. जे वाक्य दुसऱ्यांदा वाचूनही उमगत नाही त्याचा अर्थ प्रकाशकाकडून लेखी विचारावा. कोऱ्या जागा कोऱ्या सोडू नयेत. 'सोबतच्या परिशिष्टानुसार' असे म्हटले असेल तर परिशिष्ट सोबत आहे का ते पाहावे. दोघांच्या सह्यांची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी आणि ती कुठे ठेवली आहे हे घरच्यांना सांगावे. कारण एक दिवस ती शोधायची वेळ त्यांच्यावरच येणार आहे.

त्या कथाकाराच्या मुलीने आम्हाला करार दाखवला तेव्हा पेन्सिलीची फुली अजून पुसटशी दिसत होती. तिच्यावरून गेलेली सही झोकदार होती. पुस्तकांच्या पहिल्या पानावर तो वाचकांना देत असे तशीच. त्या सहीच्या वर साडेतीन पाने मजकूर होता. आयुष्यभर ज्याने एकेक वाक्य तावूनसुलाखून घेतले, त्याने त्या साडेतीन पानांवर एक तास खर्च केला असता तर त्याच्या कथा आज आपल्या हातात असत्या.